रानटी गुरांची पाहणी

—नाही ताई, माझी नाहीत ती गुरं, हे आधी लिहून घ्या. भाच्याने चारदा घोकून घेतलंय माझ्याकडून—मामा, कोर्टाकडून पाहणीला बाई येतील, एवढंच सांगायचं: गुरं रानटी झालीत, माणसाजवळ येत नाहीत. आणि मग गप्प बसायचं. तो वकील, बोलायचे पैसे घेतो. मी फुकट बोलतो, म्हणून त्याला माझी धास्ती. बसा ना दगडावर, सावली आहे. हे सगळं पडीक बघा—वीस वर्षं नांगर नाही, माणसं शहरात गेली, दारांना कुलपं आणि कुलपांना गंज. काटेरी झुडपं अशी माजली की सशालाही वाट मिळेना. मग ते अभ्यासवाले आले आणि नऊ गाई, एक वळू सोडून गेले. म्हणाले, आजोबा, ही चरतील, तुडवतील, शेणातून बी पडेल, रान आपलं आपण उभं राहील. मला हसूच आलं—जन्मभर आम्ही गुरांपासून रान राखलं, आणि आता गुरांनी रान राखायचं म्हणे. पण झालं हो. ओढ्याकाठची ती झाडं कुणीही लावलेली नाहीत.

आता कायदा काय म्हणतो—मी अडाणी, चुकलं तर सांगा—गुरं माझी म्हटलं, तर चरायला एकूणएक जमीनवाल्याची सही आणा. सह्या एकसष्ट. त्यातले नऊ जण वर गेलेत, तिकडे कागद घेऊन कोण जाणार? आणि एका वारसाने तर दावाच ठोकलाय. बरं, कुणाचीच नाहीत म्हटलं, तर मोकाट—ट्रक येणार, लिलाव होणार, आणि लिलावात म्हाताऱ्या गाई कोण घेतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. अभ्यासवाले तर पहिल्या नोटिशीलाच गेले, ते गेलेच. वाट एकच उरली, रानटी ठरली तर राहतील.

तर रानटीच आहेत. मी काही घालत नाही त्यांना. मीठ—मिठाचा खडा तेवढा ठेवतो उन्हाळ्यात, ते काय घालणं झालं? आणि भुरीचं वासरू अडलं होतं, मागचे पाय आधी आले, तेव्हा हात घालावा लागला. बराच वेळ लागला. उभी राहिली हो, हलली नाही. आता कुणी म्हणेल, रानटी गाय हात घालू देते का—तर देते, जिवावर बेतलं की देते. हे लिहू नका. लिहिलंत? असू दे, तुमचं कामच ते. घरातली गेल्यापासून इथे बोलायला आहे कोण, ताई? दिवस कलला की येऊन बसतो आणि बोलत राहतो—गुडघा कसा आहे, भात कसा करपला. ती चरत असतात त्या झुडपांमागे. ऐकत असतील असं मला कधी वाटलं नाही, मी आपला माझ्यासाठी—

मागे काय बघताय?

उठू नका, मारायची नाही ती. शांत आहे. सगळीच आली का? मी हाक मारली नाही, ताई. तुमच्यासमोर बसलोय, एकदा तरी मारली का? नुसता बोलत होतो हो.

भुरे, मागे हो. हात चाटू नकोस, मीठ नाही आज. जा गं, जा म्हणतो ना—मी नाही ओळखत तुला.