डोंगरउतारावरची लाल वाइन

चित्रा : अगं वहिनी, एवढं काय दचकायचं? एकच बाटली आहे. मी ग्वेल्फहून पाच तास बर्फातून गाडी हाकत आले आणि उल्हास शेजारी ती मांडीवर घेऊन, तान्हं बाळ असल्यासारखी.

सुनंदा : तुझ्या दादांनी सोडलीय, चित्रा. जूनपासून थेंब नाही.

चित्रा : ती व्हिस्की गं. ही स्पेनची रेड. आल्या आल्या उल्हासचं लेक्चर ऐकलंस ना? हजार मीटर उंचीवर दगडाळ उतार, ऐंशी-ऐंशी वर्षांच्या वेली, एकेकीला चारच घोस. म्हणून रस दाट. आणि रेड वाइन हार्टला चांगली असते.

सुनंदा : टक्के किती?

चित्रा : कसले?

सुनंदा : अल्कोहोलचे. बाटलीवर लिहिलेलं असतं.

चित्रा : पंधरा. पण दादाला त्याचं काय? पिंपं रिचवलीत त्यानं.

सुनंदा : उघडली का त्यांनी?

चित्रा : केव्हाच. बेसमेंटमध्ये बसलेत दोघं. दादा नको नको म्हणत होता, उल्हासनंच ग्लास हातात दिला. तुझं तोंड का असं उतरलं?

सुनंदा : किती वेळ झाला?

चित्रा : वीसेक मिनिटं. काय झालंय? मला भीती वाटायला लागलीय.

सुनंदा : जूनमध्ये रविकांतकडच्या बार्बेक्यूला ह्यांना काय झालं, फोनवर सांगितलं होतं तुला.

चित्रा : हो, एक बीअर घेतली आणि लालबुंद झाला, छाती धडधडली, ओकला. दादा म्हणतो, देवानंच कान धरला. त्या भीतीनंच तर सुटली.

सुनंदा : देवानं नाही. मी.

चित्रा : म्हणजे?

सुनंदा : माझा भाऊ नागपूरहून गोळ्या पाठवतो. दारू सोडवायच्या. येणाऱ्याजाणाऱ्याच्या बॅगेतून, हिंगाच्या डबीत घालून. ह्यांच्या अंगात गोळी असली की दारू बाधते. रोज एक कुटून सकाळी कारल्याच्या रसात घालते. शुगरसाठी घेतात ना तो. कडूत कडू, कळत नाही.

चित्रा : त्याला न सांगता?

सुनंदा : सांगून घेतली असती? कनाटाच्या रस्त्यावर गाडी खड्ड्यात घातली, तेव्हा पोलिसांसमोर मी उभी होते, तू नाही. सतरा वर्षं उपास केले, पाया पडले. ह्या आठ महिन्यांत माणूस संध्याकाळी घरी येतो, माझ्याशी बोलतो. मला नवरा परत मिळाला गं.

चित्रा : आज दिलीस?

सुनंदा : आज दोन.

चित्रा : दोन!

सुनंदा : तुम्ही येणार म्हणून. तुझा नवरा बीअरबिअर आणणार, हे ठाऊक होतं. वाटलं, डोस वाढवला तर नुसत्या वासानंच मळमळेल, हातसुद्धा लावणार नाहीत.

चित्रा : कुठल्या डॉक्टरनं सांगितलं तुला असं? साठीचा माणूस, त्यात शुगर! दादा! ग्लास खाली ठेव! उल्हास, घेऊ देऊ नकोस त्याला!

नंदकुमार : (बेसमेंटच्या जिन्यावरून) ओरडतेस काय? वरच येतोय. सुनंदा, हीट किती ठेवलीयस? अंग नुसतं पेटलंय.

चित्रा : किती घेतलीस दादा?

नंदकुमार : दुसरा ग्लास चाललाय. चांगली आहे गं, जड आहे जरा… थांब. बसू दे. श्वास पुरत नाही.

सुनंदा : इथंच, पायरीवर बसा. माझ्या अंगावर टेका.

चित्रा : अँब्युलन्ससाठी नाइन वन वन लावलाय. घे.

सुनंदा : तू बोल ना. आत जाऊन बोल. ह्यांच्यासमोर नको.

चित्रा : कुठली गोळी, किती मिलिग्राम, मला काय ठाऊक? ओठ बघ त्याचे. बोल वहिनी.

सुनंदा : हॅलो… येस, माय हजबंड. फिफ्टी-नाइन. येस, ब्रीदिंग. रेड वाइन… अँड टू टॅब्लेट्स. नो, ही डिडन्ट टेक देम. आय गेव्ह. एव्हरी मॉर्निंग. ही डझन्ट नो.

नंदकुमार : काय माहीत नाही मला, सुनंदा?