अव्वाचे डोळे

हॅलो? …हॅलो… हां अक्का, बोल. …अगं मीच हाय, शांभवी. आवाज बारीक येतोय कारण हळू बोलतेय. …घरातच की. वरच्या खोलीत, लॅपटॉपपुढं. …परीक्षा हाय आज, तोंडी. सांगितलं होतं तुला. …ऑनलाइनच गं. कॉलेज पुण्यात, मी इकडं राजारामपुरीत. एकेकाला आत घेत्यात. माझ्या आधी अजून दोघं हायत, बोल तू.

…व्हय, तेच. पाश्चात्त्य कलेचा इतिहास. …अगं, परदेशातली जुनी चित्रं, पुतळे. कुणी केले, कशापायी केले. …शिकून पुढं काय करणार ते मला बी ठाऊक न्हाय. दमलेय मी अक्का, आता तू तरी नको विचारू. सकाळी मामंजींनी विचारलं, जेवताना ह्यांनी विचारलं. …मामंजींचं सोड. परवा मी एक चित्र मोठं करून बघत बसले होते, नेमकं उघड्या बाईचं, आणि ते चहाचा कप घेऊन आत आले. तसेच मागं फिरले. तवापास्नं दार वाजवून येत्यात. …हस, हस.

काय काम होतं? …कुठं, गणपतरावांच्या स्टुडिओत? मग बरं झालं, मलकापुरातच काम होतंय. …हां, उद्या अव्वाला जाऊन वरीस होतंय, पूजेला फोटो पायजेच. …कुठला देतेस? …दुसरा हाय कुठं आपल्याकडं. जल्मात कॅमेऱ्याकडं बघितलं न्हाय तिनं. माझ्या लग्नात सुद्धा पदर तोंडापुढं. …आधार कार्डावरचा नको गं. त्यात ती आपली आईच वाटत न्हाय, शेजारची झुंबरबाई वाटतीय. …मग तोच दे की, तुझ्या राजवीरनं मोबाईलवर काढलेला. ती गेल्यावर खुर्चीत बसवली तवाचा. …हां, विभूती, हार, नवी इरकल. चांगला आलाय तो.

…काय? …परत सांग, गाड्यांचा आवाज येतोय. …डोळे? …डोळे उघडून देतो म्हणत्यात?

…अगं पण मिटलेले डोळे उघडणार कसे? …कॉम्प्युटरवर. …सगळे करून घेत असतील, मी न्हाय कुठं म्हणतेय… पण लावणार कुणाचे? …अक्का, कुणाचे डोळे? …तुझे?

…न्हाय. …न्हाय अक्का, ऐक ना. …चिडले न्हाय मी. …अगं ऐक तर. अव्वाच्या तोंडावर तुझे डोळे लावून ते हार घालायला द्यायचं आम्हाला? …सारखे असतील, मावशी बी तेच म्हणती. सारखे म्हणजे तिचे न्हवं. …व्हय, शिकतेय चित्रांचं, म्हणूनच सांगतेय. …शहाणपणा न्हाय करत गं. मी कुठली शहाणी, मागल्या खेपेला ह्याच परीक्षेत नापास झालेय.

…हां, नापास. …कुणाला सांगितलं न्हाय. ह्यांना बी न्हाय. …अगं, संयोगिता मॅडमनी एक चित्र दाखवलं. एक जुना संत, सिंहासनावर ताठ बसलेला. भरजरी कपडे, डोळे निम्मे मिटलेले, दोन्हीकडं माणसं हात जोडून. म्हणाल्या, काय चाललंय सांगा. मी म्हटलं, माणूस गेलाय, त्याला बसवलंय, लोक शेवटचं दर्शन घेत्यात. …अगं मला तेच दिसलं. तुला काय दिसलं असतं? …तेच की. …त्या म्हणाल्या, मेलेला माणूस बसेल कसा? आता त्यांना काय सांगायचं, आमच्यात बसवूनच नेत्यात, बसवूनच मातीत ठेवत्यात. …जिवंत होता म्हणे तो. आशीर्वाद देत होता. …मी बी हसले नंतर. मग बाथरूममधी जाऊन रडले. वरीसभर असंच चाललंय, चित्रात कोण बसलेलं दिसलं की मला अव्वा दिसती.

…म्हणून म्हणतेय, राहू दे मिटलेले. …लोकांना काय वाटतंय ते लोकांचं. पूजेला मिटलेले डोळे चालत न्हाईत असं कुणी सांगितलं तुला? …अक्का, ते डोळे मी मिटलेत. ह्या हातानं. एक मिटत नव्हता, पापणीवर बोट धरून बसले होते. आता ते गणपतराव उघडणार. …मला न्हाय सोसत ते.

…हॅलो? …अक्का? …हाय का तू?

…व्हय. ठाऊक हाय मला. त्या दिवशी रस्त्याचं काम चाललं होतं, गाडी अडकली तुमची. …व्हय, तू आलीस तवा बसवून झालं होतं. …हार घालून झाला होता, व्हय. …न्हाय गं. …असं नको म्हणू अक्का. 'सगळ्यांकडं बघून गेली, माझ्याकडंच न्हाय' …असं असतंय होय? …ती दाराकडं बघत होती की सकाळपास्नं. …तुझीच वाट बघत होती.

…वरीसभर हे धरून बसलीस? मला एकदा तरी बोलायचं. …मी अभ्यासात असते म्हणून? …असं काय गं करतीस.

थांब… थांब जरा, नाव घेतलं माझं. …न्हाय, फोन ठेवू नको. टाइप करते. 'पुढच्याला घ्या.' …झालं. …घेतील की शेवटी. न्हाय घेतलं तर पुढच्या खेपेला. नापास व्हायची सवय झालीय आता.

गणपतरावांना दे फोन. …दे तर.

…हां, नमस्कार गणपतराव. मी शांभवी, अक्काची धाकटी बहीण. …व्हय, लावा डोळे. …अक्काचेच लावा, ती आईवरच गेलीय. पण एक ऐका. अक्काचा फोटो घेताना तिला इकडंतिकडं बघू देऊ नका. सरळ कॅमेऱ्याच्या भिंगात बघू दे. …बुबुळ बरोबर मधोमध आलं पायजे. …कारण हाय. चित्रातलं माणूस सरळ समोर बघत असलं की आपण खोलीत कुठंबी जाऊ, ते आपल्याकडंच बघत राहतंय. …व्हय, जुने चित्रकार करायचे तसंच. …आणि चकाकी घालू नका त्यात, वयस्कर बाई हाय. सुरकुत्या पुसू नका. …दोन्ही डोळे सारखे बी करू नका. डावा जरा बारीक होता तिचा. …हां. द्या अक्काला.

…ऐकलंस न्हवं? …अगं खरंच, अभ्यासात हाय ते. बाहेरच्या सोप्यात लाव फोटो, स्वयंपाकघराच्या दारासमोर. भाकरी करत असलीस तरी तुझ्याकडं बघणार, भांडी घासायला उठलीस तरी तुझ्याकडं. …व्हय, दुपारची जरा आडवी झालीस तरी. …न्हाय, मला राग न्हाय आला. …खरंच न्हाय.

…अगं रडू नको. अक्का, रडू नको, आत्ता तुझे डोळे काढायचेत. लाल आले तर अव्वा तशीच लाल डोळ्यांनी भिंतीवर बसंल. …हां. पाणी मार तोंडावर. मग जा आत.

…सकाळच्या गाडीनं येते, हे बी येत्यात. …व्हय, आठाच्या आत.

…काय? …माझ्यासाठी बी एक फोटो? …नको गं. माझ्याकडं बघून झालंय तिचं. तुझ्याकडंच बघायचं राहिलंय. …ठेव आता.