ॲमॉस टिलरींनी न गायलेलं गाणं

आदरणीय अध्यक्ष आणि जत्रा समितीचे प्रमुख श्री. तिबुर्सियो बाका, त्यांच्या उजव्या हाताला विराजमान झालेले आदरणीय फादर मोंतोया, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ते आजचे सत्कारमूर्ती श्री. ॲमॉस टिलरी, आणि कॉफीचा दुसरा कप हातात घेऊन मागच्या बाकांवर ऐसपैस बसलेल्या माझ्या सेको वेल्सच्या बंधुभगिनींनो,

मला भाषण येत नाही, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. मी दुकानाच्या गल्ल्यामागून बोलते ती पेंड, ओट आणि गवताच्या गठ्ठ्यांविषयी. त्यामुळे निरोपाचं भाषण मी करावं असं समितीनं ठरवलं, तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा खुद्द अध्यक्ष दुकानात आले आणि म्हणाले, "व्हर्नाबाई, ॲमॉसविषयी तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?" त्यांनी हे विचारावं आणि मी नाही म्हणावं, एवढं माझं तोंड नाही. ते का, ते पुढे कळेलच. तरुण मंडळींपैकी पुष्कळांना ठाऊक नसेल.

ॲमॉस टिलरी या गावात आले ते खोगीर पाठीवर आणि गिटार छातीवर टाकून. घोडा वाटेत मेला होता. माझ्या वडिलांनी, लेलँड प्रुइटांनी, त्यांना आमच्या रँचवर गुराखी म्हणून ठेवून घेतलं. पहिल्याच दिवशी बाबांनी विचारलं, "गुरं वळताना गातोस म्हणे?" तर हे म्हणाले, "हो मालक. गुरांना बरं वाटतं. माणसांचं काही सांगता येत नाही." बाबा हसले. बाबांना हसवणं सोपं नव्हतं. त्यानंतर शनिवारचा नाच असो, बारसं असो की लग्न, ॲमॉसदादांच्या गाण्याशिवाय या गावात काही पार पडलं नाही. माझ्या आईच्या दफनाच्या वेळी तेच गायले. इथे बसलेल्यांपैकी किती जणांची लग्नं त्यांच्या एखाद्या गाण्यामुळे जमली, याची चौकशी मी आज करणार नाही. काही जण त्यांच्यावर दावा लावतील.

माझे वडील वाईट नव्हते, असं मी म्हणणार नाही. मुलीनं तसं म्हणायचं असतं, पण आज नको. ते अभिमानी होते. त्यांनी मला चालण्याआधी घोड्यावर बसवलं, आणि हरायचं कसं ते मात्र शिकवलं नाही, कारण ते त्यांनाच येत नव्हतं. जत्रेची शर्यत त्यांच्या घोड्यांनी वर्षानुवर्षं जिंकली. मग इग्नासियाबाई बाकांनी, आपल्या अध्यक्षांच्या दिवंगत मावशींनी, एक घोडी पाळली. पालोमा तिचं नाव. रंगानं तांबडी, कपाळावर पांढरा टिळा, मागच्या दोन्ही पायांना पांढरे मोजे. त्या घोडीनं बाबांना हरवलं. पुढच्या वर्षी पुन्हा हरवलं. आणि घोडीची एक खोड होती. जवळ जाणाऱ्याची टोपी ती दातांनी ओढून घ्यायची आणि मान वर करून मिरवायची. दुसऱ्या विजयानंतर तिनं भर मैदानात बाबांची टोपी पळवली, आणि सगळं गाव पोट धरून हसलं. मीही हसले.

त्याच्या पुढचं साल दुष्काळाचं. धुळीनं दिवसा दिवे लावायला लागायचे, ते साल. गुरं काटे खाऊन मरत होती. जत्रा तोंडावर आली आणि पालोमा चोरीला गेली.

चोर कोण, हे गावानं जेवणं व्हायच्या आत ठरवून टाकलं. घोडीला खाऊपिऊ घालायचा तो मावशीचा भाचा, तिबुर्सियो. आदल्याच दिवशी मावशीशी भांडला होता. विशीतला, तोंडाळ, नृत्याच्या रात्री नको त्या मुलींशी नाचणारा. (अध्यक्ष मान हलवताहेत. पण माझ्याशीही नाचले होते, म्हणून मला आठवतं.) शेरीफनं त्याला कोठडीत टाकलं. "घोडी कुठे विकलीस ते सांग," एवढंच त्याला रोज विचारलं जाई. त्यानं चोरली का, हे कुणी विचारलं नाही. आपण सज्जन लोक ना? त्या आठवड्यात या गावातला एकही सज्जन कोठडीपर्यंत चालत गेला नाही. गेल्या त्या फक्त इग्नासियाबाई. शालीखाली गरम पोळ्या झाकून न्यायच्या आणि कोठडीच्या दाराशी खुर्ची टाकून बसायच्या.

इकडे बाबांनी जाहीर केलं की आपण टेक्सासहून एक नवी घोडी आणवली आहे. गडद तपकिरी, अंगावर पांढरा ठिपका नाही. घोडी घराकडे न आणता त्यांनी टेकडीमागच्या मेंढ्यांच्या जुन्या शेडमध्ये बांधली. आणि बाबा हातमोजे घालून जेवायला लागले.

मी विचारलं, "बाबा, हाताला काय झालं?"

"दोरानं सोललंय. जेव तू."

दुसऱ्या दिवशी धुण्यात मला एक टॉवेल सापडला. तपकिरी डाग. उकळलं तरी निघेना. आईच्या हाताखाली मी लोकर रंगवायला शिकले होते. अक्रोडाच्या हिरव्या सालीचा रंग मी ओळखणार नाही का? तो टॉवेल हातात धरून मी धुण्याच्या दगडाशी किती वेळ बसले कोण जाणे. माणसाला एखादी गोष्ट कळते आणि ती कळू नये म्हणून तो हातातलं काम दुप्पट जोरानं करायला लागतो, तसं माझं झालं. मी टॉवेल घासत राहिले.

त्याच संध्याकाळी ॲमॉसदादा ओसरीवर आले. हरवलेली गाय शोधता शोधता ते टेकडीमागच्या शेडपाशी गेले होते. मी आत दिवा लावत होते. खिडकी उघडी होती.

"मालक," ते म्हणाले, "तुमच्या टेक्सासच्या घोडीनं आज माझी टोपी खाल्ली."

बाबांनी हातमोजे आणखी वर ओढले.

"रंग बदलता येतो, मालक. पण जित्याची खोड जात नाही. सोडून द्या तिला. चुकून आली होती, कुंपणाशी सापडली, असं मी सांगतो. तुमचं नाव कुठे येणार नाही. तो पोरगा आत आहे."

"बाकांचा पोरगा आहे. त्याला सवय होईल."

हे वाक्य मी अध्यक्षांच्या समोर उच्चारते आहे. माझ्या वडिलांनी ते उच्चारलं होतं. ते ऐकलं तेव्हा कानशिलं तापली होती, आणि आज ही पंचेचाळिशी उलटलेली बाई तुमच्यासमोर उभी आहे, तर आत्ताही तापली आहेत.

मग बाबा म्हणाले, "तू गा. गाण्यासाठी ठेवलंय तुला. तोंड उघडलंस तर शेड तुझ्या राखणीतली होती हे मीही सांगेन. शेरीफ कुणाच्या घरी जेवतो, माहीत आहे ना?"

ॲमॉसदादांनी टोपी नसलेलं डोकं खाजवलं. म्हणाले, "बरं मालक. उद्या गाईन," आणि गेले.

शर्यतीआधी मैदानात गाण्याचा मान दर वर्षी त्यांचाच. त्या दिवशीही ते गायले, आणि इतकं चांगलं गायले की मला त्यांचा राग आला. मला वाटलं, संपलं, हाही गप्प बसला. घोडे रांगेत उभे होते. पालोमाला ओळखणारी माणसं खरी दोनच, आणि त्यांतलं एक कोठडीत होतं, दुसरं कोठडीच्या दाराशी. गाणं संपलं. टाळ्या झाल्या. ॲमॉसदादा गिटार घेऊनच घोड्यांच्या रांगेकडे चालत गेले आणि मोठ्यानं म्हणाले, "शेरीफसाहेब, टेक्सासचं जनावर जवळून बघा तरी! मालकांनी एवढं लांबून आणवलंय."

शेरीफ गेला. त्याला मिरवायला आवडायचं. नवी कोरी टोपी होती त्याच्या डोक्यावर.

घोडीनं ती दातांत धरली आणि मान वर केली.

आधी सगळं मैदान हसलं. मग हसणं एकेका बाकावरून विझत गेलं. सगळ्यांना ती खोड माहीत होती. शेरीफ लालबुंद होऊन म्हणाला, "टोप्या ओढणारी जनावरं टेक्सासमध्येही असतील!" बाबा म्हणाले, "हा गुराखीच चोर आहे. शेडवर राखणीला हाच होता." शेरीफनं ॲमॉसदादांचा दंड धरला आणि विचारलं, "तुझ्या बाजूनं बोलणारं कुणी आहे?"

मी खिडकीशी होते हे ॲमॉसदादांना ठाऊक होतं. दिव्याच्या उजेडात माझी सावली त्यांनी पाहिली होती. त्यांनी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणाले, "कुणी नाही."

त्यांनी बोट दाखवलं असतं तर कदाचित मी नाकारलंही असतं. पण ते "कुणी नाही" मला सोसवलं नाही. मी उभी राहिले. एवढंच म्हटलं, "बाबांना हातमोजे काढायला सांगा."

शेरीफला सांगावं लागलं नाही. बाबा माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांनी स्वतःच, एक एक करून, हातमोजे काढले. मनगटांपर्यंत तपकिरी हात. ते त्यांनी लपवले नाहीत. समोर धरले, लहान मूल जेवणाआधी आईला दाखवतं तसे.

मंडळी, लोक त्यानंतर माझी पाठ थोपटायला आले. "धन्य ग बाई," म्हणाले. बापाला गाडीत घालून नेताहेत आणि मुलीचं कौतुक चाललंय! बाबांच्या अपराधाची लाज होतीच, पण त्या कौतुकाची लाज त्याहून जास्त भाजली. मी घरी गेले आणि दार लावून घेतलं. कुणाला तोंड दाखवायचं नाही, असं ठरवलं.

दार ठोठावलं ते इग्नासियाबाईंनी. हातात मिरची घातलेल्या राजम्याचं भांडं. मी म्हटलं, "बाई, तुम्ही कशाला आलात? आमच्या घरात?" त्या म्हणाल्या, "भांडं माझ्या आईचं आहे. धुऊन परत आणून दे. तिबुर्सियोबरोबर पाठवू नकोस, तू ये." आणि गेल्या. त्यांच्या दारात जायचं! ते भांडं मी पाच वेळा घासलं असेल. पण घेऊन गेले. त्यांनी मला बसायला सांगितलं, आणि त्या बसण्यातूनच पुढे मी या गावात राहिले.

बाबा शिक्षा भोगून परत आले तोवर रँच गेलेली होती आणि मी हे पेंडीचं दुकान टाकलं होतं. दुकानामागच्या खोलीत राहायचे. गिऱ्हाईक आलं की आतल्या दाराची कडी लावून घ्यायचे. रविवारी दुपारी ॲमॉसदादा यायचे, पत्ते खेळायचे. शर्यतीचा विषय नाही. ज्यानं आपल्याला उघडं पाडलं त्याच्याशी पत्ते खेळायचे बाबा, आणि लबाडी केली तर रागवायचे. लबाडी ॲमॉसदादाच करायचे, हेही आज नोंदवून ठेवते.

मधल्या काळात अल्बुकर्कहून रेडिओवाले आले. त्यांना पालोमाच्या चोरीचं गाणं हवं होतं. घोडी, टोपी, हातमोजे, सगळं. गाणारा काउबॉयच स्वतःची गोष्ट गाणार, याहून काय पाहिजे? दर आठवड्याला कार्यक्रम देतो म्हणाले. ॲमॉसदादा म्हणाले, "चाल सुचत नाही." ते पुन्हा आले, पुन्हा तेच उत्तर. ज्या माणसाला वासराच्या शिंकेवर चाल सुचते, त्याला ही सुचू नये? नंतर रेडिओवाले दुसऱ्या कुणाकडे गेले, आणि ॲमॉसदादा पुढच्या हंगामात कुणाकुणाची कुंपणं दुरुस्त करत हिंडले. त्यांनी मला कधी त्याबद्दल शब्द ऐकवला नाही. मी विचारलंही नाही. लाज वाटली.

बाबांचं शेवटचं आजारपण चालू असताना एका रविवारी त्यांनी पत्ते बाजूला सारले.

"ॲमॉस, ते गाणं गा."

"कोणतं, मालक?"

"मूर्ख समजतोस का मला? केलंयस तू. गा."

केलेलं होतं. ॲमॉसदादांनी मान खाली घालून हळूच सुरुवात केली. छान होतं. त्यात एक कडवं असं होतं, की आभाळ कोरडं झालं, माती उडून गेली, आणि दुष्काळानं एका भल्या माणसाला आडवाटेला लावलं.

बाबांनी हात वर केला. "थांब. दुष्काळ काय माझ्याच कुंपणात पडला होता? इग्नासियाबाईंच्या कुरणावर पाऊस पडला होता का? त्यांनी कुणाची घोडी चोरली? ती ओळ काढ."

"मग तिथे काय घालू, मालक?"

बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मग म्हणाले, "घाल, की लेलँड प्रुइटला हरणं सोसलं नाही. आणि त्यासाठी त्यानं दुसऱ्याच्या मुलाला कोठडीत ठेवलं. यमक जुळतं का बघ."

"जुळवतो, मालक."

"जुळलं की त्या मुलाला ऐकव. माझ्यानं त्याच्यासमोर जाववत नाही."

त्यानंतर आठवडाभरात बाबा गेले.

ॲमॉसदादा उद्या ओरेगॉनला, बहिणीकडे चालले आहेत. परवा ते दुकानात आले. टोपी हातात. म्हणाले, "व्हर्ना, यमक कधीच जुळलंय. पण नाव तुझ्या घरचं आहे. जाण्याआधी गाऊ का? तू नको म्हणालीस तर नाही, आणि मनातही काही ठेवणार नाही." मी पेंडीचं पोतं उगाच इकडून तिकडे ठेवलं. उत्तर समारंभात सगळ्यांसमोर देईन म्हटलं.

समितीनं मला वेळ दिला आणि तुम्ही सर्वांनी प्रुइटांच्या मुलीचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलंत, याबद्दल मी ऋणी आहे. इतक्या वर्षांत मला दुकानात येऊन सरळ डोळ्याला डोळा भिडवून बोललेल्या प्रत्येकाची ऋणी आहे. बोलताना कुणाला लागलं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर मनाला लावून घेऊ नका. मला सवय नाही. अध्यक्षमहाराज, जे माझ्या वडिलांनी तुम्हाला तोंडानं सांगायला हवं होतं ते ते सांगू शकले नाहीत. तुमची हरकत नसेल तर आता ऐका.

ॲमॉसदादा, गा. आणि ती ओळ गाळू नका.