पदवीनंतर

तंजावूरच्या विद्यापीठात प्रवेशाच्या रांगेत उभ्या असलेल्या अखिलाच्या कानावर मागून घरच्यासारखी मराठी आली. मायलेकी बोलत होत्या.

"हरिता, कंप्यूटरच घे. नाहीतर फार्मसी."

"घेते. पण अम्मा, तुला काय शिकायचं होतं?"

"कायदा. बी.ए. झालं नि लग्न ठरलं."

"इथं पदवीनंतरही कायदा शिकवतात. वयाची अट नाही, मी विचारून आले."

"वेडी की काय! घरी स्वैपाक कोण करेल?"

"अप्पा. त्यांना सांबार येतं."

"मीठ फार घालतात."

"तीन वर्षं खाऊ की."

रांग सरकली, पण मागचं बोलणं ऐकत राहिलेली अखिला जागची हलली नाही.

"अक्का, पुढं चला ना," हरिता तिला म्हणाली.

"राहू दे गं त्यांना. कायद्याची खिडकी कुठली?"