फोडी माझ्या, पाणी तिचं

आमचं मूळ गाव कागलकडचं, पण मी वाढलो कोल्हापुरात, चुलत्याच्या मटणाच्या दुकानात. काय सांगू पावणं, मांडीवर नुसता हात ठेवला की बकरं कुठल्या माळावर चरलंय ते सांगतो. लोक म्हणायचे, तात्या, तुम्ही डॉक्टर व्हायला पायजे हुतं. मी म्हणायचो, हायच की, फक्त माझा पेशंट उठत न्हाय.

आता पेशंट घरातच आला. आमच्या मंडळींचं, शालनचं, पोटाचं ऑपरेशन झालं आणि दोन महिनं झालं तरी जखम भरंना. मला काय अवघड, म्हटलं. रोज कवळी मांडी आणायची, हळद-आलं-लसूण लावून शिजवायची आणि अळणी, म्हंजे ते बिनतिखटाचं पाणी, वाटीभर तिला पाजायचं. बाळंतीण असो न्हायतर पैलवान, आमच्याकडं अशक्ताला हेच देतात, सगळं सत्त्व पाण्यात उतरतं म्हणून. मटणाच्या फोडी उरायच्या त्या मी खायचो, टाकायच्या कशाला.

दवाखान्यात आहार सांगणारी एक पोरगी हाय. तिला मी कॉलर ताठ करून हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, काका, आणि फोडी कोण खातं?

मी खातो की.

पोरगीनं कागद पुढं ओढला. मग हळू बोलली, प्रोटीन फोडीतच ऱ्हातंय काका, पाण्यात थोडंच उतरतंय. कागदावर मांडून दाखवलं तिनं, मटणात हाड आणि चरबी किती जाते, तेवढ्याच पैशात कोंबडीचं मांस तिप्पट येतं आणि प्रोटीन जास्त, अंडं तर सगळ्यांत स्वस्त. तीस वर्षं मटण विकणाऱ्याला ती भाव शिकवत हुती आणि मी व्हय व्हय करत हुतो. पण माझं ध्यान भावात नव्हतंच. दोन महिन्यांत माझं पोट सुटलं हुतं आणि शालनचा हात काडीगत झालता.

समोरच्या कोंबडीवाल्याला मी जन्मभर पिसांचा व्यापारी म्हणून चिडवलं, त्याच्याच दारात उभा ऱ्हायलो. तात्या, वाट चुकलासा काय, म्हणाला. चुकलोच, म्हटलं. कोंबडी शिजवली, तर शालनला वासच सोसंना. अंडं पोटात ठरंना, उलटून पडलं. मटण बारीक करून दिलं, ते गालात धरून बसली. अवो, अळणी द्या की, एवढंच म्हणती.

काल हात जोडले, म्हटलं एक फोड खा. तिनं ती उचलली आणि माझ्या ताटात ठेवली. तुम्ही खावा, दिवसभर उभं ऱ्हाता.

खाल्ली मी. काय करू, मी खाल्ल्याबिगर ती पाण्याची वाटीबी तोंडाला लावत न्हाय.