उलटी धरलेली वडी

परीक्षेच्या धास्तीचं निघालंय म्हणून सांगते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तंजावरला माझी पीएचडीची तोंडी परीक्षा होती. मी भट्टीत भाजलेली अतिवाहक, म्हणजे सुपरकंडक्टरची, वडी द्रव नायट्रोजननं थंड केली की चुंबकाच्या बलरेषा तिच्यात रुतून बसतात, हे दाखवायचं होतं. नेमका कॉलेजातला नायट्रोजन संपला. माझे वडील, अप्पा, जवळच्या पापनाशमला गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. तिथं वळूचं वीर्य द्रव नायट्रोजनमध्येच साठवतात. डॉक्टरांना विचारून ते त्याचा डबा घेऊन बसनं आले, पण वाटेत बराच उडून गेला होता. जेमतेम एकदा पुरेल एवढा उरला.

ओतला. वडीवर चुंबक तरंगला.

परीक्षक म्हणाले, "तरंगतं सगळ्यांचंच. वडी उलटी धरा."

बलरेषा रुतल्या नसतील तर चुंबक पडणार आणि माझी पाच वर्षं पाण्यात. चिमट्यानं वडी उचलून उलटी केली. चुंबक तांदळाच्या दाण्याएवढी फट ठेवून खाली लटकून राहिला!

"किती वेळ राहील?"

"वडी गार आहे तोवर, सर."

मागे बसलेले अप्पा आमच्या घरच्या मराठीत म्हणाले, "मग त्यांना म्हण, आधी सही करा."