दाराला काच

...नाही मिस्त्री, एवढीशी नको. काच खाली आणा, पार कडीच्याही खाली — उभ्या माणसाचं डोकं दिसलं की झालं असं नसतं, जमिनीवर बसलेलं मूलही बाहेरून दिसलं पाहिजे. नियमच आहे. कुणाचा म्हणजे? माझा. हसू नका, पत्र आहे तसं. बुधवारची गोष्ट — साधा बुधवार, मुलं कागदाचे मासे करत होती, माझे हात कोपरापर्यंत खळीत — आणि शिपाईकाका पाकीट घेऊन आले. म्हटलं, वाचा तुम्हीच. त्यांनी चष्मा शोधला, तो कपाळावरच होता, मग वाचलं — प्रशिक्षणाच्या परीक्षेत पहिला नंबर, आणि आजपासून या बालभवनातल्या मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदार व्यक्ती, हस्तकलेच्या बाई. म्हणजे मी. छप्पन्नाव्या वर्षी पहिला नंबर, मिस्त्री, शाळेत कधी विसाव्याच्या वर सरकले नाही. तशाच हातांनी घरी फोन लावला. वाजला, वाजत राहिला. घरी उचलायला कोण आहे आता — सवय, दुसरं काय. फोन अजून चिकट आहे.

तुम्ही करवत चालवा, मी बोलते, पंचवीस मुलांच्या वर आवाज काढायची सवय आहे मला. तर प्रशिक्षण दोन दिवसांचं — पगारी, बिनपगारी, झाडूवाल्या मावशी, सगळे. शिकवणाऱ्या मॅडमनी नाटक करायला लावलं. शिपाईकाका झाले सात वर्षांची मुलगी. मिशांसकट. पोहायचे सर झाले सर. मुलीने मनातलं काहीतरी सांगायचं आणि सरांनी नुसतं ऐकायचं — एवढंच काम. सरांनी लागोपाठ नऊ प्रश्न विचारले. कुणी मारलं, बाबांनी का, कशाने, किती वाजता — शेवटी काका म्हणाले, साहेब, मी गुन्हा कबूल करतो, पण मला सोडा. मावशी हसून हसून खुर्चीवरून घसरल्या, मॅडमनी तोंडाला फाइल लावली. मग मॅडम म्हणाल्या, पुन्हा करा, आता नीट. आणि दुसऱ्या खेपेला काकांना खरंच रडू आलं — एवढा बाप्या माणूस, थांबेचना. कुणी हसलं नाही. मी पाणी नेऊन दिलं, विचारलं काही नाही. बघा, पहिला नंबर उगीच नाही.

नियम सोपे आहेत हो. मुलाच्या तोंडात आपले शब्द घालायचे नाहीत. ते जे बोललं ते तसंच्या तसं, त्याच दिवशी, पिवळ्या फॉर्मवर उतरवायचं. आणि मूल म्हणालं ‘कुणाला सांगू नका’, तर कबूल व्हायचं नाही — सांगायचं, बाळा, तुला मदत करणाऱ्या माणसाला मला सांगावंच लागेल. या प्रश्नाला मी दीड पान लिहिलं. दीड पान. मॅडमनी वाचून दाखवलं सगळ्यांना. मागच्या शनिवारी नव्या लोकांना मीच शिकवलं, एकाच्या तोंडून तीनदा वदवून घेतलं.

अहो, ती लाल खुर्ची नका सरकवू, बटणची जागा आहे ती. बटण म्हणजे आमची एक मुलगी, आठ वर्षांची. फ्रॉकला गळ्याशी बटण नसायचं म्हणून बटण. आता आहे, मी लावलं — रोज तोच फ्रॉक, त्यामुळे हुकायचा प्रश्न नाही. सगळ्यांच्या आधी येते, सगळ्यांच्या नंतर जाते. काय बोलते म्हणून सांगू — म्हणते, बाई, तुमचे केस अगदी माझ्या बाहुलीसारखे आहेत, आणि बाहुलीला केसच नाहीत. माझा अर्धा डबा तिचा. आता मी दोन डबे आणते. रविवारी घरी येते माझ्या — दोन रविवार आली. माझ्या चपला घालून फटक फटक करत घरभर फिरते. किती महिन्यांनी त्या घरात कुणी मोठ्याने हसलं.

आई? आहे की. कामाला असते, लांब. ‘आई शुक्रवारी जाते, मंगळवारी येते, मी दाराला आतून खुर्ची लावते’ — तिचेच शब्द हे, मी काही घातलेलं नाही. रविवारी संध्याकाळी मीच पोचवते तिला. खुर्ची लावल्याचा आवाज ऐकते, मगच निघते.

करवत का थांबवलीत?

कधी म्हणाली... पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी. म्हणजे — सतरा दिवस. ‘कुणाला सांगू नका, बाई, मग मला इथे येऊ देणार नाहीत’ म्हणाली. आणि मी म्हटलं, नाही सांगत. दीड पान लिहिणारी बाई. तिच्यासाठीच हो. पाठवला फॉर्म की माणसं येणार, विचारणार, तिची मावशी आहे म्हणे कुठेशी, फार लांब, तिच्याकडे ठेवणार. चांगली असेल मावशी. चांगलीच असेल. मग रविवारी — नाही, म्हणजे मुलीला करमणार नाही, असं म्हणत होते मी. मुलीला. आणि गंमत ऐका, फॉर्म द्यायचा कुणाकडे? जबाबदार व्यक्तीकडे. मीच लिहायचा, मीच माझ्याकडे द्यायचा, मीच माझी पोच घ्यायची. हसा की. मघाशी हसत होतात.

झाली काच? छान बसली. बघा, लागलीच नाकाचा डाग पडला — बाहेरून कुणीतरी — हो. तीच. खालपर्यंत आणली ते बरं झालं, वर ठेवली असती तर दिसली नसती. आले गं, आले, थांब.

असं बघू नका माझ्याकडे. हत्यारं उचला, पुढचं दार पोहायच्या सरांचं, ते वाट बघत असतील. जा तुम्ही. आज शुक्रवार आहे. फॉर्म या खणात आहे, वरच आहे. मी तो अजून भरलेला नाही.